दूरदर्शनचा रविवार (खानदेश)

दूरदर्शनचा रविवार : १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात खानदेशातल्या (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) गावांत आणि गल्ल्यांत रविवारच्या प्रसारणाभोवती बसलेली दिनचर्या. एकच वाहिनी, गल्लीत एखाददुसरा संच आणि कधी जाईल याचा नेम नसलेली वीज, यांतून ती घडली. कार्यक्रम दिल्लीचे आणि बहुतेक हिंदी. ते पाहून झाल्यावर एकमेकांना सांगण्याची रीत मात्र पुरती खानदेशी होती. ही नोंद मुख्यतः त्या रीतीसाठीच आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या लहरी तापीच्या खोऱ्यापर्यंत पोचत नव्हत्या. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण आले, १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात सरासरी रोज एक नवा क्षेपक (ट्रान्समीटर) उभा राहत होता. असे लघुशक्ती क्षेपक बहुधा १०० वॉटचे असत. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि आसपासच्या परिसरात पुढे पाठवायचा, एवढेच त्यांचे काम. लोक त्याला ‘टीव्हीचा टॉवर’ म्हणत. शहरात चित्र स्वच्छ दिसे, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यात मात्र पडद्यावर ‘मुंग्या’ येत. सातपुड्याच्या पायथ्याची किंवा डोंगराआडची गावे तर त्याहून दुर्दैवी.

त्यावर उपाय अँटेनाचा. पत्र्याच्या किंवा धाब्याच्या घरावर लोखंडी पाइप उभा करून त्याला तिन्ही बाजूंनी तारांचे ताण देत आणि टोकाला अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा सांगाडा बसवत. लांबच्या गावात पाइपावर पाइप जोडून उंची वाढवायची आणि जोडीला बूस्टर लावायचा. वैशाखात वावटळ आली की सांगाडा फिरे. मग एक जण वर, एक अंगणात, एक संचापाशी अशी साखळी लागे. वरून आवाज येई, “उनं का रे?” (आलं का रे?) खालून, “नही दादा, आखो फिराव!” आणि मग एकदम चार-पाच तोंडांतून, “उनं, उनं, बस कर!” हात सोडला की चित्र पुन्हा जाई, कारण मघाशी पाइप धरलेला माणूसही त्या अँटेनाचा भागच झालेला असे. प्रस्तुत लेखकाच्या गल्लीत एका मुलाने अख्खा अर्धा तास पाइप धरून काढला होता. युद्धाचा प्रसंग त्याने फक्त कानांनी पाहिला.

रविवारची सुरुवात सकाळी. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत साडेनऊ वाजता ‘रामायण’, आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत ‘महाभारत’. बायका आंघोळी, पाणी भरणे, चूल सगळे आवरून येत. काही घरांत संचाला हार घालून उदबत्ती लावत. चपला ओट्याखाली, मुले पुढे जमिनीवर, म्हातारी माणसे खाटेवर, बाकीचे दारात. कपाशी वेचायला जाणाऱ्यांची निघण्याची वेळ त्या दिवशी मागे सरके, आणि शेताचा मालकही त्याच खोलीत बसलेला असल्याने कुणी काही बोलत नसे. दुपारी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या आणि त्यानंतर बंगाली, मल्याळम, कन्नड अशा कुठल्यातरी भाषेतला पुरस्कारप्राप्त चित्रपट लागे. तेव्हा खोली रिकामी व्हायची. संध्याकाळच्या हिंदी चित्रपटाला ती पुन्हा भरे, आणि मग पुढच्या बातम्यांपर्यंत कुणी हलत नसे. चित्र थांबून ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आली तरी लोक तिच्याकडे पाहत बसत.

श्रावणात एक वेगळीच सरमिसळ होई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई या लोकदेवतेची स्थापना होते, भावबंदकी एका घरी जमते, रोटांची (नैवेद्याच्या पोळ्यांची) तयारी चालते. त्या वर्षांत कधी कधी हा रविवार आणि पडद्यावरची कथा एकाच सकाळी येत. रोटांचे पीठ मळणारे हात चालू राहत आणि मान दाराकडे वळलेली असे. रात्री कानबाईच्या जागरणाला मात्र संच बंद. तिथे गाणी आपलीच.

सांगण्याची रीत समजून घ्यायची तर भाषा पाहिली पाहिजे. पडद्यावरची हिंदी संस्कृतप्रचुर. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात आणि बऱ्हाणपूरच्या बाजूला हिंदी कानाला सवयीची, तरी ‘पिताश्री’, ‘तथास्तु’, ‘आयुष्मान भव’ हे शब्द शेतकऱ्याच्या घरात नवेच. म्हणून प्रत्येक भागानंतर कुणीतरी सांगणारा किंवा सांगणारी लागे. खोलीत शिरता न आलेल्यांना, वीज गेल्यामुळे हुकलेल्यांना, शेतावर राखणीला असलेल्या सालदाराला ती कथा अहिराणीत किंवा पूर्वेकडे लेवा बोलीत मिळे. “मंग काय व्हयनं?” असे विचारले की उत्तर येई, “मंग हनुमाननी शेपटी पेटाडी दिनी, आनि आख्खी लंका जयी गयी!” सांगणारी बाई यात स्वतःचे घालत असे. सीतेचे सासर, कैकेयीचा हट्ट या गोष्टी तिच्या तोंडून शेजारच्या घरातल्या वाटत. कीर्तन, वहीगायन (खानदेशातला लोकगायनाचा प्रकार) आणि जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या पिढीला हे नवे शिकावे लागले नाही. माझ्या मते दूरदर्शनने खानदेशाला काही दिले असेल तर तो कार्यक्रमापेक्षा सोमवारी सकाळी पाणवठ्यावर होणारा त्याचा दुसरा, आपल्या बोलीतला प्रयोग. मुले त्याच वेळी कामटीचे धनुष्य आणि खराट्याच्या काड्यांचे बाण घेऊन बोळात लढत.

या खोलीत सगळ्यांना जागा सारखी नव्हती. काही जण खिडकीच्या गजांतूनच पाहत, काहींना अंगणापुढे येता येत नसे. काही ग्रामपंचायतींत लाकडी पेटीत कुलूपबंद सार्वजनिक संच होता, तो उघडणाऱ्या माणसाच्या मर्जीवर गाव पाही. सातपुड्यातल्या भिल्ल व पावरा पाड्यांपैकी अनेकांपर्यंत तेव्हा वीजच पोचली नव्हती. म्हणून ‘सारे गाव एकत्र पाहायचे’ ही आज लाडकी झालेली आठवण अर्धीच खरी आहे.

मराठी कार्यक्रमांची कमतरता पुढे मुंबई केंद्राचे प्रसारण उपग्रहावरून मिळू लागल्यावर कमी झाली. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. तिचेच पुढे ‘सह्याद्री’ असे नाव झाले. तोवर गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबकळू लागल्या होत्या, ज्याच्या त्याच्या घरात संच आला होता आणि रविवार इतर दिवसांसारखा झाला होता. दूरदर्शनने आपले बहुतेक अॅनालॉग क्षेपक २०२१-२२ पर्यंत बंद केले. अहिराणी मात्र पडद्यावर आली ती सीडीच्या दुकानांतून आणि नंतर मोबाइलवरून. आज लग्नाच्या वरातीत वाजणारी बरीच अहिराणी गाणी त्याच वाटेने आलेली आहेत. अँटेनाचे पाइप काही धाब्याच्या घरांवर अजून उभे आहेत आणि त्यांना दोऱ्या बांधून लोक कपडे वाळत घालतात.