रिकाम्या मशीनचा हिशेब

कारखान्यात एखादं मशीन रिकामं उभं दिसलं की साहेबांच्या कपाळाला आठी पडते. एवढं भांडवल गुंतवलंय, मग ते सतत चाललंच पाहिजे! हे म्हणणं कधी बरोबर असतं, कधी साफ चूक. गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे मोजतंय, त्यावर ते ठरतं.

ऑर्डरी कधीही येतात आणि प्रत्येक जॉबला, म्हणजे कामाला, कमीजास्त वेळ लागतो, अशा मशीनपुढच्या रांगेचं गणित बघा. सगळ्यात साध्या सूत्रानुसार मशीन ८० टक्के वेळ कामात असेल, तर नव्या जॉबला सरासरी ४ जॉबांइतका वेळ ताटकळावं लागतं. ९० टक्क्यांना ९ जॉबांइतका, ९५ टक्क्यांना तब्बल १९! नव्वदच्या वरचे हे पाच टक्के वसूल करायला गेलं की रांग दुपटीहून लांबते. म्हणून तातडीच्या सुट्या भागांवर जिचा धंदा चालतो, त्या कंपनीने थोडी क्षमता मुद्दाम मोकळी ठेवावी. माझ्या मते तिची खरी ताकद तीच. वर्षभर एकाच मापाचे बोल्ट पुरवणाऱ्याचं तसं नाही. त्याला ऑर्डर किमतीवर मिळते, मागणीचा अंदाज असतो, मशीन थांबवणं परवडत नाही. ही दोन्ही कामं एकाच शॉपमध्ये कोंबली की दोन्ही बिघडतात. हार्वर्डचे प्राध्यापक विकहॅम स्किनर यांनी १९७४ मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता.

फोर्डने किमतीचा बाजार पकडला. १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन आली, मॉडेल टीच्या चासीची (गाडीच्या सांगाड्याची) जोडणी साडेबारा तासांवरून दीड तासावर आली, गाडी स्वस्त झाली. पुढे लोकांना नवनवी मॉडेलं हवीशी झाली. यंत्रसामग्री मात्र एकाच गाडीच्या मापाची. १९२७ मध्ये ‘मॉडेल ए’ या नव्या गाडीकडे वळताना उत्पादन कित्येक महिने बंद राहिलं.

टोयोटाचा बाजार सुरुवातीला लहान आणि मागणी तऱ्हेतऱ्हेची होती. एकाच भागाचे मोठे लॉट (एका दमात काढलेले नग) काढले तर माल पडून राहणार. १९७० च्या सुमारास तिथल्या १००० टनी प्रेसचा (पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या मशीनचा) साचा बदलायला ४ तास लागत. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सेटिंगची, म्हणजे साचा बदलण्याची, कामं निवडून वेगळी केली: मशीन बंद करूनच होणारी एकीकडे, चालू असताना उरकता येणारी दुसरीकडे. वेळ ३ मिनिटांवर आला, म्हणजे ऐंशीपट कमी. किफायतशीर लॉट सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो; त्या हिशेबाने तो जवळपास नऊपट लहान झाला. एकाच प्रेसवर, एकाच पाळीत वेगवेगळे भाग काढणं परवडू लागलं.