नोटेवर साल नाही, मग वय काढायचं कसं?

ठाण्यात नौपाड्याकडे जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालूय, आणि घर रिकामं करताना माळ्यावरच्या ट्रंकेतून जुन्या नोटा निघाल्या की फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, "ही कधीची रे?" आणि नोटेवर साल शोधून सापडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर मागे छपाईचं वर्ष यायला लागलं तेच मुळी 2005 पासून. जगातल्या कितीतरी नोटांचं असंच आहे.

नेमकी तारीख अशा वेळी मिळत नाही, मिळतात दोन टोकं, म्हणजे याच्या आधीची असूच शकत नाही आणि याच्या फार नंतरची असणं कठीण, आणि सगळी गंमत ही टोकं जवळ आणण्यात आहे.

आपल्याकडे सगळ्यात आधी बघायची गव्हर्नरची सही. मनमोहन सिंगांची असेल तर 1982 ते 85. बी. एन. आडारकर तर 1970 च्या मे-जूनमध्ये जेमतेम 42 दिवस गव्हर्नर होते, तरी त्यांच्या सहीच्या नोटा आहेत! पण म्हणून त्या त्याच 42 दिवसांत छापल्या असं धरू नका, गव्हर्नर बदलला म्हणून प्रेसमधल्या प्लेटा काही त्याच संध्याकाळी बदलत नाहीत. सहीवरून फक्त आधीचं टोक पक्कं होतं.

साल छापलंय म्हणून खूश होण्यातही अर्थ नाही. डॉलरवरचं 'सिरीज 1935' हे छपाईचं नाही, त्या सिरीजचं वर्ष आहे, त्याच सिरीजच्या एक डॉलरच्या नोटा 1960 नंतरही छापल्या जात होत्या.

मला सगळ्यात आवडतो तो जपानचा पुरावा. नात्सुमे सोसेकी या लेखकाचा फोटो असलेली हजार येनची नोट 1984 मध्ये आली. तिच्यावर पुढच्या बाजूला अगदी तळाशी छापखान्याचं नाव आहे, इतकं बारीक की भिंग लागतं. जपानच्या अर्थ खात्याचं नाव 2001 मध्ये बदललं, 2003 मध्ये छापखानाच वेगळी संस्था झाला आणि दोन्ही वेळा ती बारीक ओळ बदलली. म्हणजे मधलं नाव दिसलं की नोट साधारण त्या दोन वर्षांतली. चित्र तेच, रक्कम तीच, आणि साल सांगतंय सरकारी खात्याचं नाव!

दुसऱ्या महायुद्धात जपानने जिंकलेल्या देशांसाठी छापलेल्या नोटांवरही साल नाही. तिथे नोटेवरच्या इंग्रजी कोड-अक्षरांतलं पहिलं अक्षर बघा, बी म्हणजे बर्मा, एम म्हणजे मलाया. मलायाच्या केळीच्या घडाच्या दहा डॉलरवर सुरुवातीला सिरीयल नंबर होता, पुढे बेसुमार छापताना तो गेला आणि नुसती अक्षरं उरली. म्हणजे नंबरवाली आधीची.

लॅबमध्ये कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, सुद्धा मोजता येतो. 1950-60 च्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 जवळपास दुप्पट झाला, 1963 च्या चाचणीबंदी करारानंतर हवेतल्या चाचण्या कमी झाल्या आणि तो उतरत गेला. नोटेच्या कागदात कापूस असतो आणि कापसात त्या त्या वर्षाच्या हवेचा कार्बन. अडचण अशी की तोच आकडा चढतानाही येतो आणि उतरतानाही, म्हणजे उत्तरं दोन, शिवाय नोटेचा तुकडा जाळावा लागतो, आणि ट्रंकेतल्या नोटेसाठी एवढं कोण करणार!

त्यापेक्षा यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च स्वस्त. कागद पांढराशुभ्र दिसायला घालतात ती चमकणारी रसायनं कागदात सर्रास आली ती युद्धानंतर, त्यामुळे 1942 ची म्हणून विकायला आलेली नोट निळी चमकली तर संशय घ्यायचा. फक्त तीच रसायनं कपड्यांच्या पावडरीतही असतात, तेव्हा कुणाला नकली म्हणण्याआधी ती शर्टाच्या खिशातून धुवून निघालीय का ते विचारा.