बोअरचं पाणी आणि एनओसी: पिझोमीटर कोणाला लागतो, कुठे खोदायचा, नमुना कसा घ्यायचा

कारखाना, हॉटेल किंवा मोठी गृहनिर्माण संस्था बोअरच्या पाण्यावर चालत असेल, तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र (एनओसी) लागतं. महाराष्ट्रातले अर्ज प्राधिकरणाच्या ‘भू-नीर’ पोर्टलवर भरायचे. गोव्यात २००२ चा स्वतंत्र राज्य कायदा आहे, तिथल्यांनी जलस्रोत खात्याकडे चौकशी करावी.

बहुतेक अर्जदार कागद जमवण्यात दमतात आणि पिझोमीटर, म्हणजे फक्त पाणीपातळी मोजण्यासाठीची निरीक्षण विहीर, ‘एनओसी आल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवतात. माझ्या मते आधी तिची जागा नकाशावर नक्की करावी आणि मगच अर्जाला हात घालावा. उपशाच्या बोअरपासून ती किमान ५० मीटर लांब हवी. वीस गुंठ्यांच्या प्लॉटवर शेड, पार्किंग आणि सेप्टिक टँक उभे राहिल्यावर हे अंतर शोधायला गेलात, तर बरेचदा सापडतच नाही.

आधी पात्रता. घरगुती वापराची वैयक्तिक विहीर, शेती, ग्रामीण पाणीपुरवठा योजना आणि सैन्यदलं यांना सूट आहे. दिवसाला १० घनमीटरपेक्षा (१०,००० लिटर) कमी पाणी उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाही आहे. बाकीच्यांनी आपला तालुका भूजल उपशाच्या वर्गवारीत अतिशोषित, शोषित, अंशतः शोषित की सुरक्षित, हे पाहून घ्यावं. अतिशोषित भागात नव्या उद्योगांपैकी फक्त सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा विचार होतो. बाटलीबंद पाण्याच्या नव्या प्रकल्पाला तेवढीही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. शिवाय राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. म्हणून बोअर खोदायची रिग बोलावण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात एक फेरी मारा.

कागदपत्रांत जागेच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा पुरावा, बोअर दाखवणारा स्थळनकाशा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा ताळेबंद, स्थानिक संस्थेकडून पुरेसं पाणी मिळत नसल्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र आणि पाण्याचा तपासणी अहवाल, एवढी तयारी ठेवा. अतिशोषित, शोषित किंवा अंशतः शोषित भागात रोजचा उपसा १०० घनमीटरच्या वर असेल, तर उपशाचा भूजलावर काय परिणाम होईल हे सांगणारा परिणाम मूल्यांकन अहवालही जोडावा लागतो.

२४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे रोजचा उपसा १० घनमीटरपर्यंत असेल तर पिझोमीटर लागत नाही. ५० पर्यंत एक, आणि मोजणी हाताने चालते. ५० ते ५०० पर्यंतही एकच, पण त्यात डिजिटल पातळीमापक हवा. ५०० च्या वर दोन लागतात आणि त्यांतल्या एकाला टेलिमेट्री, म्हणजे मोजलेले आकडे आपोआप दूरवर पाठवणारी यंत्रणा, असावी लागते.

व्यास ४ ते ६ इंच, खोली उपशाच्या बोअरइतकीच. इथेच जुना कोरडा बोअर दाखवून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. पण ४० मीटरचा बोअर ७० मीटरवरच्या फटीतल्या पाण्याबद्दल काय सांगणार? आपल्या काळ्या पाषाणात पाणी थराथरात, भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत असतं, आणि दोन थरांची पातळी वेगवेगळी असू शकते. दोन पिझोमीटर असतील तर दुसरा उथळ थरासाठी ठेवायचा, तो याचसाठी. मुरूम संपून टणक खडक लागेपर्यंत केसिंग (बोअरच्या आत बसवायचा पाइप) उतरवा आणि भोवतालची पोकळी सिमेंटने बंद करा, नाहीतर पावसाचं गढूळ पाणी थेट आत उतरतं. वर कुलपाचं झाकण हवं आणि शेजारी क्रमांक, खोली व थर लिहिलेला कायमचा फलक.

पातळी महिन्यातून एकदा, सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजायची. त्याआधी आसपासचे पंप ४ ते ६ तास बंद असले पाहिजेत. केसिंग जमिनीच्या वर जितकी आली असेल तितकी उंची वजा करायला विसरू नका.

पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा घ्यायचा, मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून घ्या. बोअरमध्ये महिनोन्महिने साचून राहिलेलं पाणी म्हणजे भूजलाचा नमुना नव्हे. सर्वसाधारण पद्धत अशी की आतल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी काढून टाकायचं. ६ इंची बोअरमध्ये मीटरमागे साधारण १८ लिटर पाणी मावतं. खोली ६० मीटर आणि पातळी २० मीटरवर असेल, तर ४० मीटरच्या स्तंभात ७२० लिटर, म्हणजे दोन हजारांहून जास्त लिटर उपसायला हवेत. तेवढ्यात पाण्याचं तापमान, सामू आणि विद्युतवाहकता स्थिरावते. स्थिरावली की बाटली भरा. जड धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणतात. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक लागते, आणि ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. बाटलीवर ठिकाण, तारीख आणि वेळ तिथेच लिहा, गाडीत बसल्यावर नाही.

एनओसी हाती आली की टेलिमेट्री असलेला जलमापक बसवून ३० दिवसांत प्राधिकरणाला कळवावं लागतं, आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो अचूक मोजतो ना याची तपासणी, दर वर्षी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी करायचा असतो. पातळीच्या मासिक नोंदी तेव्हा मागितल्या जातात, त्यामुळे वही पहिल्या महिन्यापासूनच ठेवा.