दर टीबीमागे एक जीबी रॅम? घरच्या सर्व्हरला नाही लागत

जुन्या पीसीचा घरगुती फाइल सर्व्हर करायचाय म्हटलं, की कोल्हापूरच्या राजारामपुरीतही हाच सल्ला मिळतो: झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली साठवायची पद्धत) नको, तिला डिस्कच्या दर टीबीमागे एक जीबी रॅम लागते, तीही ईसीसीच, म्हणजे स्वतःतल्या चुका दुरुस्त करणारी.

तसं नाही. झेडएफएस मोकळी रॅम कॅशसाठी, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवायला वापरते. रॅम कमी असली तर कॅश लहान राहते, फायलींना धोका नसतो. भरमसाट रॅम खातं ते डीड्युप्लिकेशन, म्हणजे एकसारखा डेटा एकदाच साठवायची सोय. सिनेमे-फोटोंसाठी ते चालू करूच नका. ईसीसी असेल तर उत्तमच, पण इतर फाइल सिस्टिमपेक्षा झेडएफएसला ती जास्त गरजेची नाही, हे तिचे सहनिर्माते मॅथ्यू एरेन्स यांनीच सांगितलंय.

झेडएफएसवर चालणाऱ्या ट्रूनॅस या फाइल सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमला किमान ८ जीबी रॅम हवी. पीसीत ४ जीबीच असेल तर डेबियन लिनक्सवर आधारलेलं, त्याच कामाचं ओपनमीडियाव्हॉल्ट टाका. वाचलेले पैसे बॅकअपच्या वेगळ्या डिस्कवर आणि यूपीएसवर घाला. वळवाच्या पावसात लाइट जातेच.