वास माशांचा, खोकला रेड टाइडचा

२०१८च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात शेवाळाचे दोन बहर एकाच वेळी पसरले होते. ओकीचोबी तलावात आणि तिथून पाणी सोडलेल्या नद्यांत निळं-हिरवं शेवाळ, तर पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात रेड टाइड. दोन्हींना सरसकट ‘शेवाळाचा विषारी वायू’ म्हटलेलं वाचलं की माझं डोकं उठतं.

निळं-हिरवं शेवाळ तुमच्या परिचयाचं आहे: संथ गोडं पाणी, वर रंग ओतल्यासारखा हिरवा थर. त्याचं नेहमीचं विष मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालतं, आणि मुख्य भीती ते पाणी पोटात जाण्याची. २०१४मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं ते याच्यामुळे. थोडं मायक्रोसिस्टिन हवेतही उडतं, लोकांच्या नाकातल्या नमुन्यांत ते सापडलं आहे. पण रेड टाइडमध्ये हवा हीच मुख्य वाट असते. पाण्यात पाऊलही न टाकलेला माणूस खोकून बेजार होतो.

रंगाचं सोडा, रेड टाइड दर वेळी लाल नसतेच. लोक फसतात ते वासापाशी.

फ्लोरिडातली रेड टाइड ज्याच्यामुळे येते त्या करेनिया ब्रेविस या एकपेशीय जिवाला कवच नसतं. लाटांच्या माऱ्याने त्याची पेशी फुटते आणि त्याचं विष, ब्रेव्हेटॉक्सिन, पाण्यात मोकळं होतं. वर चढणारे बुडबुडे ते गोळा करतात, आणि पृष्ठभागावर फुटले की खाऱ्या तुषारांबरोबर ते हवेत उडवतात. म्हणजे हा वायू नव्हे, विष वाहणारे बारीक थेंब आहेत. आणि त्या विषाला वास नसतो. किनाऱ्यावरची दुर्गंधी मेलेल्या माशांची. मासे उचलून नेले, वास गेला, म्हणून लोक मुलांना घेऊन पुन्हा वाळूत जातात आणि घसा खवखवायला, डोळे चुरचुरायला लागतात. उलट मासे सडत पडलेत, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, तर तिथे ब्रेव्हेटॉक्सिनचा त्रास फारसा होत नाही. वारा समुद्राकडून आला तर तेच थेंब काही किलोमीटर आतपर्यंत पोचतात. म्हणून नाकाला विचारू नका, वाऱ्याची दिशा बघा. खिडक्या लावून एसीत बसल्याने फरक पडतो तोही थेंब अडतात म्हणून.

खरा वायू सापडतो तो कुजणाऱ्या निळ्या-हिरव्या थरापाशी: हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. त्यानेही डोकं दुखतं, मळमळतं. पण तो वास मायक्रोसिस्टिनचा नव्हे.

धडधाकट माणूस किनाऱ्यावरून निघून आला की रेड टाइडचा खोकला बहुधा लवकर ओसरतो. दम्याच्या रुग्णांचं तसं नाही. तासभर किनाऱ्यावर राहिल्यावर त्यांच्या फुप्फुसांची क्षमता घटलेली मोजली गेली आहे, आणि त्रास पुढे काही दिवस रेंगाळलेलाही दिसला आहे. ‘इनहेलर जवळ ठेवून जा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. वारा किनाऱ्याकडे असेल त्या दिवशी त्यांनी जाऊच नये.