थंडी पडण्याआधी अंगणातला माशांचा हौद

सांगली, सातारा आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दसरा झाला की दुकानात एक प्रश्न हमखास येतो, "पाँडसाठी हीटर आहे का हो?" मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दिसतात, त्यात हौदावर बर्फ साचलेला असतो, आणि माणूस घाबरतो. काचेच्या टाकीचे हीटर आम्ही ठेवतो, पण अंगणातल्या हौदासाठी कुणाला देत नाही. तीन-चार हजार लिटर उघडं पाणी तापवत बसलात तर बिल वाढेल, पाणी फारसं तापणार नाही. सांगली-मिरजेत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण 12 ते 15 अंशांवर येतो आणि दुपारी 30 च्या आसपास जातो. सातारा, कोरेगाव, वाईला थोडं कमी. गोल्डफिश आणि कोई हे थंड पाण्यात रमणारे मासे, त्यांना एवढी थंडी सहज सोसते.

तरीही दर हिवाळ्यात मासे दगावतात. त्यातले बरेचसे दगावतात ते उन्हाळ्यातलंच खाणं थंडीत चालू ठेवल्यामुळे. या पत्रकातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल.

खाणं किती, कधी

मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं अंग गार, आणि पचनही तेवढंच मंद. सवयीनं तो वर येऊन तोंड उघडेल, मुलं मूठभर दाणे टाकतील, आणि ते पोटात तसेच पडून राहतील. जे खाल्लं जात नाही ते तळाशी कुजून अमोनिया तयार करतं, तो माशांना विषारी. एरवी हा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू संपवतात, पण पाणी 15 अंशांच्या खाली गेलं की तेही सुस्तावतात. म्हणजे घाण वाढते तेव्हाच ती साफ करणारे मंदावलेले असतात.

म्हणून हीटरऐवजी एक साधा पाण्याचा थर्मामीटर घ्या. दोरी बांधून फूटभर खोल सोडा आणि सकाळी वाचा. पाणी 20 च्या वर असेल तर नेहमीसारखं द्या. 15 ते 20 मध्ये असेल तर दिवसातून एकदाच, तेही ऊन चढल्यावर, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान. 15 च्या खाली एक दिवसाआड, अगदी थोडं, गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य. 10 च्या खाली काहीच नको. चार-पाच मिनिटांत संपेल तेवढंच टाका, उरलं तर जाळीनं काढा. निरोगी मोठा कोई थंडीत कितीतरी दिवस उपाशी राहू शकतो, त्याची काळजी करू नका.

मटारचा हंगाम असतोच. चार दाणे उकडा, साल काढा, चुरा करून टाका, पोटाला हलके. चपाती, ब्रेड, चुरमुरे मात्र नकोत. पावसाळ्यात उघडं राहिलेलं, वास येणारं खाद्य फेकून द्या, थंडीत बुरशी लागलेले दाणे जास्तच बाधतात.

दिवाळीची साफसफाई

घराबरोबर हौदही उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख करायचा मोह होतो. कृपया करू नका. तळाच्या आणि भिंतीच्या शेवाळातच ते उपयोगी जिवाणू असतात, आणि थंडीच्या तोंडावर ते नव्यानं वाढायला फार वेळ लागतो. दिवाळीच्या आठ-पंधरा दिवस आधी, पाणी अजून कोमट असताना, तळाचा गाळ पाइपनं ओढून घ्या. एक तृतीयांशापेक्षा जास्त पाणी बदलू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली नाही, हौदातल्याच बादलीभर पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते पाणी भरायचं तर आधी अँटीक्लोरीनचे थेंब टाका किंवा दोन दिवस उघड्यावर ठेवा.

बोअरचं पाणी आणखी जपून. हिवाळ्यात सकाळी ते हौदातल्या पाण्यापेक्षा बरंच कोमट निघतं, त्यात प्राणवायू कमी, आणि कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी खारटही. भरायचं तर दुपारी, थोडं थोडं, नळी उंचावरून धरून फवाऱ्यासारखं. एकदम पाच-सहा अंशांचा फरक पडला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोकं वर काढतो.

फटाके उडवायचे त्या चार दिवसांत हौदावर ताडपत्री टाका. बारूद आणि कागदाचा चुरा पाण्यात पडला की काढता निघत नाही.

आपल्या भागातलं खास संकट

हे कुठल्या व्हिडिओत सांगितलेलं नसतं. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या ग्राहकांनी हा भाग नीट वाचावा. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू होतात, आणि दव पडू लागलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं त्या वाढतात. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतं. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं तर अगदी कमी प्रमाणातही माशांना घातक. घरामागे बाग असेल आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर चालणार असेल, तर शेजाऱ्याला फवारणीची वेळ विचारून ठेवा आणि त्या वेळी हौद झाका. वारा पडल्यावर तासाभरानं उघडा. फवारणीची बादली किंवा मग्गा हौदाला कधीही लावू नका, कितीही धुतलेला असला तरी.

आणि शेवाळ मारायला स्वतःच मोरचूद टाकणारे ग्राहकही भेटतात. शेवाळ जातं, पाठोपाठ मासेही. हिवाळ्यात शेवाळ तसंही कमी होतं, थोडं थांबा.

साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की काही गावांत पाण्यावर बगॅसची, म्हणजे जळालेल्या उसाच्या चिपाडाची, काजळी बसते. ती विषारी नाही, पण साचली की पाण्याला झाकण बसतं. सकाळी जाळी फिरवून काढायची, एवढंच.

हवा, पंप, झाडं, बगळे

गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, 15 अंशांना लिटरला साधारण 10 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसात. त्यामुळे हिवाळ्यात हवेचा प्रश्न उन्हाळ्याइतका बिकट नाही. पण पंप बंद करू नका, फिल्टरमधले जिवाणू वाहत्या पाण्यावरच जगतात. धबधबा असेल तर तो रात्री बंद ठेवा, कारण वरून पडणारं पाणी हवेत आणखी गार होतं. त्याऐवजी एअर पंप चालू ठेवा आणि फिल्टरला पाणी पोचतंय ना ते पाहा.

देशी बदामाची पानं लाल होऊन गळू लागली की ढीग पडतो. दोन-चार पानं पाण्यात पडली तर चालतील, ढीग नको. शेडनेट ताणून बांधा. त्यानं बगळा आणि खंड्या दोघांचाही बंदोबस्त होतो. थंडीत पाणी निवळतं आणि मासे सुस्त असतात, म्हणून पक्ष्यांना हे दिवस सोपे.

कमळाची पानं पिवळी पडतात, ती देठाशी कापा. रोप मेलेलं नसतं, कंद उपटू नका, खतही घालू नका. जलपर्णी एक तृतीयांश पाण्यापुरतीच राहू द्या.

एंजलफिशसारखे उष्ण पाण्यातले मासे हौदात असतील तर त्यांना दिवाळीनंतर घरात घ्या. महाबळेश्वर-पाचगणीच्या ग्राहकांसाठी वेगळं सांगायला हवं. वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी दव गोठतं. तिथे हौद किमान तीन फूट खोल हवा आणि थंडीचा कडाका असताना खाणं पूर्ण बंद.

मासा आजारी वाटला तर

तळाशी शांत बसून राहणं हे थंडीतलं नेहमीचं वागणं आहे. पहाटे पृष्ठभागावर धापा टाकणं, अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके किंवा लालसर जखमा दिसल्या तर थांबू नका. पहिला उपाय जाड मीठ, आयोडीनचं नको. लांबी, रुंदी, खोली फुटांत घेऊन गुणा आणि 28 नं गुणा, लिटर मिळतात. 8 बाय 6 चा अडीच फूट खोल हौद म्हणजे सुमारे 3400 लिटर. हजार लिटरला एक किलो, म्हणजे इथे साडेतीन किलोच्या आत. बादलीत विरघळवून दोन-तीन दिवसांत थोडं थोडं घाला. हौदात झाडं असतील तर मासा वेगळ्या टबात घेऊन तिथेच मीठ द्या. ठिपक्यांच्या रोगाचं चक्र गार पाण्यात फार लांबतं, त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले तरी लगेच मिठाचं पाणी बदलू नका.

डिसेंबर-जानेवारीत नवे मासे सोडू नका. आम्हीही त्या काळात हौदासाठी मोठे कोई मागवत नाही. महाशिवरात्रीनंतर पाणी सकाळीही 20 च्या वर राहू लागलं की खाणं हळूहळू वाढवा.

शंका असेल तर सकाळी खाणं देण्याआधी अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून दुकानात आणा. अमोनिया आणि पीएच आम्ही लगेच तपासून देतो, पैसे नाहीत. घरी येऊन गाळ काढून हवा असेल तर दिवाळीआधी सांगून ठेवा, नंतर वेळ देता येत नाही.