'अरेंजर' म्हणायचं कुणाला?

गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईला आले. पोर्तुगीज गोव्यातल्या चर्चशाळांत पोरांकडून सोल्फेज (स्वर वाचून गाण्याचा पाश्चात्त्य सराव) आणि व्हायोलिन घोटून घेत, आणि त्या शिदोरीवर गोवेकर वादक गावोगावच्या बँडांत पोटाला लागत. गोन्साल्विसही त्याच वाटेने आले आणि हिंदी चित्रपटसंगीतात अरेंजर झाले.

पुढचा सगळा घोळ 'अरेंजर' या शब्दाचा. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवायचा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, बहुतेकांना येत नसे. चाल ऐकून व्हायोलिनांनी काय वाजवायचं, चेलोने काय, ट्रम्पेट कुठे शिरायचा, हे कागदावर उतरवणारा तो अरेंजर. पण सुरुवातीचा पीस आणि दोन अंतऱ्यांमधलं म्युझिक कुणाचं? अनेकदा तेही त्याचंच. श्रेयनामावलीत मात्र तो 'सहायक', नाहीतर गायबच. गाण्याचा जीव चालीत असतो, हा संगीतकारांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. तरीही भेंड्यांच्या बैठकीत आपण मधला पीससुद्धा 'टँ टडँ' करत तोंडाने वाजवतोच, तो आपोआप तर सुचला नव्हता!

१९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी स्वतःचाच सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. धोबीतलावच्या एका कॉलेजच्या प्रांगणात कार्यक्रम झाले, एकल गायनाला चित्रपटांतले आघाडीचे पार्श्वगायक होते. (गणपतीत मंडळासमोर होतो तो ऑर्केस्ट्रा वेगळा.) सारंग रागावर त्यांनी कॉन्चेर्तो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) लिहिला. अडचण कुठे येते पाहा: वृंदावनी सारंगात गंधार (ग) आणि धैवत (ध) वर्ज्य. षड्जावर (सा) साधा मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, उभा करायला गंधार तर हवाच. म्हणजे कॉर्ड ठेवला तर राग मोडतो, राग सांभाळला तर हार्मनी, म्हणजे कॉर्डांची साथ, ओकीबोकी वाटते. चित्रपटाच्या गाण्यात हे खपून जातं, रागाचं नाव घेऊन मांडलेल्या रचनेत नाही.

१९६५ मध्ये एका अमेरिकन विद्यापीठाच्या अनुदानावर ते तिकडे गेले. परतले ते थेट माजोर्ड्याला, स्टुडिओत पुन्हा फिरकले नाहीत.

१९७७ मध्ये त्यांच्या एका शिष्याने, तोवर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने नावारूपाला आलेल्या प्यारेलाल यांनी, 'अमर अकबर अँथनी'च्या नायकाला गुरूचं नाव द्यायला सुचवलं. भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येत नायक ते नाव गातो. २०१२ मध्ये गुरुजी गेले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की या नावाचा खराच कुणी माणूस होता.